जुन्या संगणकाचा प्रतीक्षाकाळ : हार्ड डिस्कच्या जागी सॉलिड स्टेट ड्राइव्ह

डेस्कटॉप संगणक जुना झाला, संथ झाला असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा बहुतेक प्रसंगी त्याचा प्रोसेसर थकलेला नसतो. दहा-बारा वर्षांपूर्वीचा साधा प्रोसेसरही एका सेकंदात अब्जावधी सूचना पार पाडतो आणि पत्रलेखन, हिशेब, मराठी टंकलेखन, इंटरनेटवरून अर्ज भरणे अशा रोजच्या कामांना ती क्षमता आजही पुरते. पण ज्या माहितीवर त्याने काम करायचे ती वेळेवर हाती येत नसल्यामुळे तो पुष्कळसा काळ नुसता वाट पाहत असतो. ही माहिती वीज बंद झाल्यावरही जिथे टिकून राहते तो भाग म्हणजे हार्ड डिस्क, आणि पंखे व सीडी-ड्राइव्ह सोडले तर कॅबिनेटमध्ये प्रत्यक्ष हालचाल करून काम करणारा तेवढा एकच भाग असतो. त्याच्या जागी फिरता अवयव मुळीच नसलेला, केवळ अर्धवाहक चिप्सचा बनलेला साठवण-संच, म्हणजे सॉलिड स्टेट ड्राइव्ह किंवा रूढ संक्षेपाने एसएसडी, बसवला की तोच जुना संगणक ओळखू येऊ नये इतका चपळ का होतो आणि हा बदल नीट कसा करावा, याचा विचार या प्रकरणात केला आहे.

हार्ड डिस्कची मूळ कल्पना १९५६ सालची आहे. आयबीएम कंपनीने कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे घडवलेल्या ‘रॅमॅक’ या यंत्रणेत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक रचलेल्या होत्या आणि त्यांवर मिळून सुमारे ५० लाख अक्षरे मावत असत. त्यानंतर तबकड्या लहान झाल्या, त्यांवरील चुंबकीय नोंदी अतिशय दाट झाल्या आणि क्षमता लाखो पटींनी वाढली, तरी रचना तीच राहिली: वेगाने फिरणारी तबकडी, तिच्यावर केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावर तरंगणारे वाचन-लेखनाचे शीर्ष, आणि ते शीर्ष हव्या त्या वर्तुळावर नेणारी एक छोटी भुजा. डेस्कटॉपमधील नेहमीची हार्ड डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेते, त्यामुळे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती नोंद शीर्षाखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते, म्हणजे ४ मिलिसेकंदांहून थोडे अधिक, आणि त्याआधी भुजा योग्य वर्तुळावर नेण्यास साधारण ८ ते ९ मिलिसेकंद जातात. दोन्ही मिळून होणारा हा १२-१३ मिलिसेकंदांचा काळ म्हणजे प्रतीक्षाकाळ. सेकंदाच्या ऐंशीव्या हिश्शाएवढा हा काळ माणसाला नगण्य वाटेल, परंतु प्रोसेसरच्या दृष्टीने तेवढ्यात कोट्यवधी सूचना पार पडू शकल्या असत्या.

या प्रतीक्षाकाळाचे खरे ओझे कळण्यासाठी दप्तरखान्याचे उदाहरण उपयोगी पडते. पेशवे दप्तरासारख्या मोठ्या संग्रहात कागद रुमालांत बांधून ठेवलेले असतात, आणि एकाच रुमालातील हजार कागद ओळीने वाचणे व हजार निरनिराळ्या रुमालांतून एकेक कागद शोधून आणणे या दोन कामांत वाचनाचे श्रम सारखेच असले, तरी दुसऱ्या कामात सगळा दिवस ये-जा करण्यातच संपतो. हार्ड डिस्कचे नेमके हेच होते. एखादा मोठा चित्रपट सलग वाचायचा असेल तर ती सेकंदाला १५० मेगाबाइट किंवा त्याहून अधिक माहिती सहज देते, कारण शीर्ष एकाच जागी असते आणि तबकडी त्याच्याखालून सरकत राहते. पण संगणक सुरू करताना किंवा एखादा प्रोग्रॅम उघडताना जी माहिती लागते ती सलग नसते. शेकडो फाइलींचे छोटे छोटे तुकडे तबकडीवर विखुरलेले असतात आणि प्रत्येक तुकड्यासाठी भुजा नव्याने हलवावी लागते.

साध्या गणिताने हे तपासता येते. एक प्रोग्रॅम उघडण्यासाठी ४ किलोबाइटचे ३,००० विखुरलेले तुकडे लागतात असे मानले, तर ती सगळी माहिती जेमतेम १२ मेगाबाइट भरते आणि सलग असती तर सेकंदाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी वेळात वाचून झाली असती. परंतु सेकंदाला ८० ठिकाणे या हिशेबाने हार्ड डिस्कला ३,००० ठिकाणी जाऊन येण्यास ३७ सेकंद लागतात. विंडोजसारख्या प्रणाली नेहमी लागणारे तुकडे अंदाजाने आधीच उचलून ठेवतात आणि मागण्यांचा क्रम सोयीचा लावतात, म्हणून प्रत्यक्षातील काळ यापेक्षा कमी असतो, पण रोगाचे मूळ तेच राहते. एसएसडीला कोणत्याही ठिकाणचा तुकडा देण्यास सुमारे ०.१ मिलिसेकंद पुरतो आणि तेच ३,००० तुकडे ती एकामागून एक वाचले तरी ०.३ सेकंदात हजर करते. जाहिरातींत ठळकपणे छापले जाणारे सेकंदाला इतके मेगाबाइट हे आकडे सलग वाचनाचे असतात, आणि एसएसडीचा रोजच्या कामात जाणवणारा लाभ मात्र या दुसऱ्या, न छापल्या जाणाऱ्या आकड्यात असतो. हा भेद ध्यानात आला की खरेदीच्या वेळी पडणारे बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात.

एसएसडीतील चिप माहिती कशी धरून ठेवते हेही समजून घेण्याजोगे आहे. १९६७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डावॉन कांग आणि सायमन झी यांनी अशा ट्रान्झिस्टरची कल्पना मांडली की ज्याच्या आत, सर्व बाजूंनी विद्युतरोधक थराने वेढलेला, कशालाही न जोडलेला असा एक कप्पा असेल. त्यात इलेक्ट्रॉन ढकलले की ते तिथे कोंडून राहतील आणि वीज बंद झाली तरी बाहेर पडणार नाहीत. या तरंगत्या कप्प्यात विद्युतभार आहे की नाही यावरून ० किंवा १ ओळखता येतो. जपानमधील तोशिबा कंपनीतील अभियंते फुजिओ मासुओका यांनी याच तत्त्वावर आधारलेली, एकाच झटक्यात मोठा भाग पुसता येणारी स्मृती विकसित केली आणि १९८४ साली ती जगापुढे मांडली. तिचे पुसले जाणे कॅमेऱ्याच्या फ्लॅशच्या लखलखाटासारखे वाटते म्हणून त्यांचे सहकारी शोजी आरिइझुमी यांनी तिला ‘फ्लॅश’ हे नाव सुचवले. १९८७ साली मासुओकांच्याच गटाने तिचा ‘नँड’ हा अधिक दाट रचनेचा प्रकार पुढे आणला, आणि आजच्या पेन ड्राइव्हपासून मोबाइलपर्यंत व एसएसडीपर्यंत सर्वत्र तोच वापरला जातो.

झटक्यात पुसण्याचा हा गुण सोयीचा असला तरी त्यातूनच या तंत्राची सर्वात मोठी अडचण उद्भवते. फ्लॅश चिपवर लिहिण्याचे लहानात लहान एकक काही किलोबाइटचे असते, त्याला पान म्हणतात; पण पुसण्याचे एकक अनेक पानांचा मोठा गट असते आणि एकदा लिहिलेल्या पानावर, ते पुसल्याशिवाय, पुन्हा लिहिता येत नाही. पाटीवरचे एकच अक्षर बदलायचे असताना सबंध पाटी पुसावी लागावी, तसा हा प्रकार आहे. म्हणून एसएसडीच्या आत कंट्रोलर नावाचा एक स्वतंत्र लहानसा प्रोसेसर असतो, जो बदललेला मजकूर दुसऱ्या कोऱ्या पानावर लिहितो, जुने पान बाद ठरवतो, कोणते पान प्रत्यक्षात कुठे आहे याचा नकाशा सांभाळतो आणि फावल्या वेळात बाद पानांचे गट पुसून मोकळे करतो. एखादी फाइल वापरणाऱ्याने काढून टाकली हे कंट्रोलरला आपणहून कळत नाही. ते त्याला कळवण्यासाठी ‘ट्रिम’ ही आज्ञा लागते आणि विंडोजमध्ये तिची सोय २००९ सालच्या विंडोज ७ पासून झाली. त्यामुळे विंडोज एक्सपी चालवणाऱ्या संगणकात एसएसडी बसली तरी काही काळाने तिचे लेखन मंदावण्याचा धोका राहतो.

इलेक्ट्रॉन ढकलताना आणि बाहेर काढताना विद्युतरोधक थर थोडा थोडा झिजतो, म्हणून फ्लॅशच्या प्रत्येक घटकाचे आयुष्य ठरावीक वेळा पुसण्या-लिहिण्यापुरते असते. कंट्रोलर सगळ्या गटांचा वापर समान राहील याची काळजी घेतो, त्यामुळे एकच जागा लवकर निकामी होत नाही. एका घटकात किती बिट साठवायचे यावरही टिकाऊपणा अवलंबून असतो: एक बिट साठवायचा तर विद्युतभाराच्या दोनच पातळ्या ओळखाव्या लागतात, तीन बिटांसाठी आठ आणि चार बिटांसाठी सोळा पातळ्या लागतात, आणि एकाच भांड्यावर खुणा जितक्या जवळ जवळ, तितकी माप चुकण्याची शक्यता अधिक. बाजारात तीन बिटांच्या प्रकाराला टीएलसी आणि चार बिटांच्या प्रकाराला क्यूएलसी म्हणतात. या झिजेबद्दल घरगुती वापरकर्त्यांत वाटणारी भीती मात्र वस्तुस्थितीहून फार मोठी आहे. १ टेराबाइटच्या एका प्रचलित टीएलसी ड्राइव्हवर उत्पादकाने ६०० टेराबाइट लेखनाची हमी दिलेली आहे. रोज ३० गीगाबाइट लिहिले, जे कार्यालयीन वापरात क्वचितच घडते, तरी ती मर्यादा गाठायला २०,००० दिवस, म्हणजे ५४ वर्षे लागतील. इतर कारणांनी ती ड्राइव्ह त्याआधी बंद पडणे कितीतरी अधिक संभवनीय आहे.

आता प्रत्यक्ष संगणकाकडे वळता येईल. भारतात घरे, शाळा, दुकाने आणि लहान कार्यालये यांत आजही चालू असलेल्या जुन्या डेस्कटॉपांत इंटेलच्या एच६१ या चिपसेटवर बेतलेले मदरबोर्ड पुष्कळ आढळतात. २०११ साली आलेल्या या स्वस्त चिपसेटमध्ये साटा या जोडणीचे चार पोर्ट असतात आणि ते सर्व दुसऱ्या पिढीचे, सेकंदाला ३ गीगाबिट वेगाचे, प्रत्यक्षात कमाल ३०० मेगाबाइटचे असतात. आजची साटा एसएसडी तिसऱ्या पिढीच्या पोर्टवर सुमारे ५५० मेगाबाइट देते, म्हणून एच६१ वर तिचा निम्मा वेग वाया जाईल आणि असा जुना संगणक सुधारण्यात अर्थ नाही, असा सल्ला अनेकदा ऐकू येतो. हा सल्ला चुकीचा आहे. वाया जातो तो सलग वाचनाचा वेग. विखुरलेल्या तुकड्यांचा प्रतीक्षाकाळ १२ मिलिसेकंदांवरून ०.१ मिलिसेकंदावर येतो तो पोर्ट जुना असला तरी येतोच, आणि मिनिट-दीड मिनिट रेंगाळत सुरू होणारा संगणक त्यामुळेच काही सेकंदांत कामाला तयार होतो. एच६१ नंतर वर्षभराने आलेल्या बी७५ चिपसेटमध्ये तिसऱ्या पिढीचा एक पोर्ट असतो. तो मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेत पाहून एसएसडी त्यालाच जोडावी, एवढे पुरे.

हाच विचार उलट दिशेनेही लागू पडतो. एनव्हीएमई या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, एम.२ या खाचेत बसणाऱ्या, च्युइंगमच्या पट्टीएवढ्या ड्राइव्ह सेकंदाला ३,५०० किंवा ७,००० मेगाबाइट वाचतात. त्यांची जोडणी साटाऐवजी पीसीआय एक्सप्रेस या थेट मार्गाने होते आणि एनव्हीएमईचे नियम २०११ साली फ्लॅश डोळ्यांपुढे ठेवूनच आखले गेले. व्हिडिओ संपादन किंवा मोठे डेटासंच हाताळणाऱ्यांना त्यांचा उपयोग निश्चित आहे. परंतु आतली फ्लॅश चिप मूलतः त्याच जातीची असल्याने एकेका छोट्या तुकड्याचा प्रतीक्षाकाळ त्या प्रमाणात घटत नाही, आणि म्हणून हार्ड डिस्कवरून साटा एसएसडीवर येताना जो फरक डोळ्यांत भरतो तो साटावरून एनव्हीएमईवर जाताना रोजच्या कामात फारसा जाणवत नाही. शिवाय २०१४ पूर्वीच्या बहुतेक मदरबोर्डांचे बायोस, म्हणजे संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणारा मूळ प्रोग्रॅम, एनव्हीएमई ड्राइव्हवरून विंडोज सुरू करू शकत नाही. अॅडाप्टर कार्ड लावून ती जोडली तरी केवळ जादा साठवण म्हणूनच वापरावी लागते. एम.२ ही खाच दिसली म्हणजे तिथे एनव्हीएमई चालतेच असेही नाही, कारण त्याच आकारात साटा ड्राइव्हही मिळतात आणि काही खाचा फक्त त्यांच्यासाठी असतात.

एसएसडी मेमरीची, म्हणजे रॅमची, जागा घेत नाही. रॅम अपुरी पडली की विंडोज तिच्यातील काही भाग ड्राइव्हवर उतरवून ठेवते, आणि हार्ड डिस्क असताना हीच उतरण-चढण संगणक गोठल्यासारखा वाटण्याचे कारण असते. एसएसडीमुळे ती सुसह्य होते, पण ४ गीगाबाइट रॅमच्या संगणकात ब्राउझरची आठ-दहा पाने उघडणाऱ्याने त्याच वेळी डीडीआर३ रॅमची आणखी एक पट्टी घालून घेणे शहाणपणाचे ठरते. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ अशा जुन्या प्रोसेसरांना अधिकृतपणे स्वीकारत नाही, ही मर्यादाही एसएसडी बसवून दूर होत नाही. ज्यांचे काम ब्राउझर आणि कार्यालयीन प्रोग्रॅम यांपुरते आहे त्यांच्यासाठी लिनक्सची एखादी सोपी आवृत्ती हा खरोखरच चांगला मार्ग आहे.

खरेदी करताना क्षमतेचा आकडा नीट समजून घ्यावा लागतो. उत्पादक १ गीगाबाइट म्हणजे १०० कोटी बाइट धरतात, तर विंडोज १,०२४ च्या पटीत मोजते. म्हणून २४० गीगाबाइटची ड्राइव्ह जोडल्यावर २२३ दिसतात आणि १ टेराबाइटचे ९३१ गीगाबाइट होतात, यात दुकानदाराची फसवणूक नसते. फार स्वस्त ड्राइव्हमध्ये कंट्रोलरचा नकाशा ठेवण्यासाठी स्वतंत्र डीरॅम चिप नसते आणि क्यूएलसी प्रकारात वेगवान लेखनासाठी राखून ठेवलेला भाग भरला की लेखनाचा वेग हार्ड डिस्कपेक्षाही खाली येऊ शकतो. विंडोज आणि प्रोग्रॅम एवढ्यासाठी हे दोष खपतात, मोठ्या फाइलींची सतत ने-आण असेल तर खपत नाहीत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात किंवा ऑनलाइन घेताना हमीचे वर्ष, बिल आणि हमी दिलेले लेखन हे तिन्ही पाहावेत. अविश्वसनीय क्षमता अविश्वसनीय दरात मिळत असेल तर ती वस्तू टाळावी, कारण काही बनावट ड्राइव्ह खोटी क्षमता दाखवतात आणि खरी जागा संपल्यावर आधीच्या फाइलींवरच लिहीत सुटतात.

बसवण्यापूर्वीचे सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे फाइलींची प्रत दुसऱ्या जागी काढणे. हार्ड डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते, तिला ‘स्मार्ट’ म्हणतात, आणि क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत प्रोग्रॅमने ती वाचता येते. त्यात निकामी जागांची संख्या वाढताना दिसली तर संपूर्ण डिस्कची नक्कल काढण्याचा हट्ट न धरता आधी न भरून येणाऱ्या फाइली, म्हणजे छायाचित्रे, दस्तऐवज, हिशेबाची माहिती, वाचवाव्यात. डिस्क धडधाकट असेल तर दोन मार्ग उरतात. क्लोनझिलासारख्या साधनाने जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्या ड्राइव्हवर काढता येते, मात्र नवी ड्राइव्ह लहान असेल तर जुन्या डिस्कवरील विभाग आधी आकसून घ्यावे लागतात; किंवा नव्या ड्राइव्हवर विंडोज कोरे बसवून फाइली मागाहून आणता येतात. दुसरा मार्ग वेळखाऊ आहे, परंतु अनेक वर्षांचा साचलेला कचरा नव्या ड्राइव्हवर येत नाही म्हणून जुन्या संगणकासाठी तोच अधिक हितावह. एकच अडचण अशी की जुन्या हिशेबाच्या किंवा प्रकाशनाच्या प्रोग्रॅमची सीडी अथवा परवाना हाताशी नसेल, तर नक्कल काढण्यावाचून इलाज राहत नाही.

प्रत्यक्ष बसवणे हे कामाचा सर्वांत सोपा भाग आहे. संगणक बंद करून वीजजोडणी काढावी, सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज वाहून जाऊ द्यावी आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरील स्थिर विद्युत उतरवावी. साटा एसएसडी अडीच इंची असते आणि डेस्कटॉपमधील खण साडेतीन इंची, म्हणून जोडपट्टी वापरतात. ती नसेल तर हलक्या, न फिरणाऱ्या या वस्तूला एका बाजूने दोन स्क्रू लावले तरी चालते. माहितीची अरुंद केबल मदरबोर्डला आणि वीजपुरवठ्याची रुंद केबल पॉवर सप्लायला जाते. दोन्हींची टोके इंग्रजी एल अक्षराच्या आकाराची असल्याने उलटी बसत नाहीत, पण जोर केला तर तुटतात.

बायोसमध्ये साटा जोडणीची पद्धत एएचसीआय आहे की जुनी आयडीई, हे तपासण्याचे राहून गेले तर पुष्कळ लाभ हातचा जातो, कारण एएचसीआयमध्ये ड्राइव्हला एका वेळी ३२ मागण्या सोपवता येतात आणि आयडीई पद्धतीत ही सोय नसते. कोरे विंडोज बसवायचे असेल तर हा बदल आधीच करावा. नक्कल काढलेल्या विंडोजमध्ये तो एकाएकी केला तर निळा पडदा येतो. विंडोज १० मध्ये आधी सेफ मोडची निवड करून, मग बायोसमध्ये बदल करून, एकदा सेफ मोडमध्ये सुरू करून परत नेहमीच्या पद्धतीवर आले की आवश्यक ड्रायव्हर आपोआप जागा होतो. नक्कल झाल्यावर पहिल्यांदा संगणक सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवावी, कारण दोन्हींची ओळखखूण एकच असल्याने कोणत्या डिस्कवरून सुरुवात झाली याचा घोटाळा होतो.

एसएसडीवर डीफ्रॅगमेंटेशन, म्हणजे विखुरलेले तुकडे सलग लावण्याची क्रिया, करू नये. विखुरलेपणाची किंमतच जिथे उरली नाही तिथे त्या क्रियेने केवळ झीज होते. विंडोज १० व ११ एसएसडी ओळखून त्याऐवजी ठरावीक काळाने ट्रिम पाठवतात. ड्राइव्ह काठोकाठ न भरता दहा-पंधरा टक्के जागा मोकळी ठेवली तर कंट्रोलरला पाने हलवायला वाव राहतो. लिहिणे चालू असताना अचानक वीज गेली तर नकाशाची नोंद अर्धवट राहण्याचा धोका असतो, म्हणून वीज वारंवार जाणाऱ्या गावांत यूपीएस ही चैन नसून गरज आहे. हार्ड डिस्क बिघडण्याआधी बऱ्याचदा खडखड आवाज करते किंवा अडखळते. एसएसडी अनेकदा एका क्षणात पूर्ण गप्प होते आणि ट्रिममुळे पुसलेल्या फाइली परत मिळवणेही जवळजवळ अशक्य असते, त्यामुळे नियमित प्रत काढण्याची जबाबदारी एसएसडी आल्यावर वाढते. कोंडलेले इलेक्ट्रॉन काळाबरोबर गळतातही: जेडेक या मानक-संस्थेच्या निकषानुसार ग्राहकवर्गातील ड्राइव्हने आपले हमी दिलेले लेखन पुरे केल्यानंतर, विजेविना, ३० अंश सेल्सिअसला एक वर्ष माहिती राखली पाहिजे. नव्या ड्राइव्हमध्ये ती याहून बरीच अधिक टिकते, तरीही लग्नाची छायाचित्रे एसएसडीत भरून ती कपाटात वर्षानुवर्षे ठेवून देणे योग्य नव्हे.

म्हणूनच काढलेली हार्ड डिस्क, प्रकृती चांगली असेल तर, त्याच कॅबिनेटमध्ये दुसऱ्या पोर्टला जोडून प्रतींसाठी आणि मोठ्या फाइलींसाठी ठेवता येते. सलग लिहिणे-वाचणे हे तिचे बलस्थान असल्याने या कामात ती आजही कमी पडत नाही. ती कुणाला द्यायची किंवा विकायची असेल तर नुसते फॉरमॅट न करता संपूर्ण तबकडीवर एकदा नवी माहिती लिहून जुनी झाकावी, आणि ती पूर्ण निकामी असेल तर २०२२ च्या ई-कचरा नियमांखाली नोंदलेल्या पुनर्चक्रण केंद्राकडे सोपवावी.